क्लच दबतो, पण गिअर पडत नाही

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी भाईजानची सुमो विष्णुपुरी धरणाच्या रस्त्यावर अडली. इंजिन चालू होते. पण क्लच दाबला की पेडल सरळ तळाला जाई आणि गिअर कर्रकर्र करून मागे फिरे. गाडीत सरकारी दवाखान्यातून सुट्टी मिळालेला एक रुग्ण आणि त्याच्या घरचे लोक होते. त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिले आणि सुमो चौघांनी ढकलत आमच्या दारापुढे आणली.

ही गाडी अठरा वर्षांची. सुमो हे नाव जपानी पहिलवानांवरून आले, असे पुष्कळांना वाटते. खरे तर १९९४ साली बाजारात आलेल्या या गाडीला टाटांनी सुमंत मुळगावकर यांच्या नावातली अक्षरे घेऊन हे नाव दिले. आमच्या भागात लग्न असो की दवाखाना, या गाडीने बरीच माणसे वाहिली आहेत. भाईजानचे तर घरच तिच्यावर चालते.

सकाळी एका गॅरेजवाल्याने उभ्याउभ्याच सांगून टाकले, "क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून भाईजान गप्प झाले. जवळजवळ तेवढेच पैसे पुतणीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते. रात्री जेवताना ते म्हणाले, "फी पुढच्या महिन्यात बघू. आधी गाडी चालली पाहिजे." पुतणी ताटाकडे बघत राहिली.

आम्ही मेकॅनिक नाही, मास्तर आहोत. पण आठवीला दाबाचा धडा शिकवताना आम्ही दोन सिरिंज एका नळीने जोडतो आणि पाणी भरतो. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच बाहेर येतो. मग मुद्दाम नळीत हवा सोडतो. आता पहिला दट्ट्या दाबला, तरी दुसरा नीट हलत नाही. कारण पाणी दाबून आकसत नाही, हवा आकसते. सुमोचा क्लच असाच चालतो. पेडलजवळची सिरिंज म्हणजे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सजवळची म्हणजे स्लेव्ह सिलिंडर, आणि पाण्याच्या जागी ब्रेक ऑइल.

म्हणून गल्लीतल्या एका बुजुर्ग उस्तादांना बोलावले. त्यांनी आधी बॉनेट उघडून क्लच ऑइलची डबी पाहिली. ती जवळजवळ रिकामी होती. ते म्हणाले, "मास्तर, प्लेट गेली असती तर गाडीने रेस घेतली असती पण वेग धरला नसता, चढावर जळका वास आला असता. तुमचा तर गिअरच पडत नाही. ऑइल कुठे गेले ते शोधा."

ऑइल तीन ठिकाणी जाऊ शकते. पायाशी, पेडलच्या दांड्याजवळ ओल असेल तर मास्टर गळतो. गाडीखाली स्लेव्हच्या रबरी टोपीत ओल असेल तर स्लेव्ह. नाहीतर पाइपाचे जोड. डबी भरलेली, कुठेही ओल नाही, आणि पेडल दाबून धरले की हळूहळू खाली बसते, अशा वेळी बहुधा मास्टरच्या आतले रबर गेलेले असते. दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडत असेल तर हवा धरल्याचा संशय घ्यावा. आमच्या गाडीत स्लेव्हची टोपी उचलताच ऑइल ओघळले.

उस्तादांनी स्लेव्ह उतरवून रबराचे किट बदलले. आता हवा काढायची होती. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. सुमो उंच असल्याने जॅक लागला नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. डबी ऑइलने भरली. स्लेव्हची निपल पुसून तिला पारदर्शक नळी लावली आणि नळीचे दुसरे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवले.

पेडलवर बसायला पुतणी पुढे आली. उस्तादांनी सांगितले तसे तिने हळूहळू तीन-चार वेळा पंप केले आणि दाबून धरले. "दाबलंय चाचा!" उस्तादांनी पान्याने निपल अर्धा फेरा सैल केली, बुडबुडे आणि काळपट ऑइल बाटलीत उतरले. निपल पुन्हा आवळली, आणि मगच, "सोड बेटा!" हा क्रम चुकला, निपल उघडी असताना पाय सुटला, तर हवा परत आत ओढली जाते. दर चार-पाच वेळांनी आम्ही डबी भरत होतो. ती रिकामी झाली की सगळे पहिल्यापासून. विसाव्या वेळेच्या आसपास बुडबुडे थांबले. पेडल पायाला घट्ट लागले. इंजिन चालू केले आणि रिव्हर्स आवाज न करता पडला.

किट आणि ऑइल मिळून चारशेच्या आत भागले. उस्तादांनी मजुरी घेतली नाही, चहा मात्र दोनदा घेतला.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच ऑइल घालावे. इंजिन ऑइल घातले तर रबरे फुगतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून उघडी बाटली महिनोन् महिने ठेवू नये, आणि बाहेर काढलेले ऑइल पुन्हा भरू नये. ते रंग उखडते, डोळ्यांना घातक आहे; मुलांच्या हाताला लागू देऊ नये. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते; तिथे ऑइल कमी दिसले तर गाडी न हलवता मेकॅनिकला घरी बोलवावे. आणि गळती तशीच ठेवून नुसती हवा काढली, तर चार दिवसांत तीच रड.

सगळी गॅरेजे फसवतात असे आम्ही म्हणत नाही. प्लेटही कधीतरी जातेच. पण गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: ऑइल पाहिले का? गळती कुठे आहे?

फी वेळेत भरली. पुतणी आता रोज सकाळी बॉनेट उघडून डबी बघते आणि भाईजानना सांगते, "अब्बा, ऑइल बरोबर आहे, निघा."