मसुद्यालाही गुण हवेत

संपादक महाशय,


मुलांना लिहिता येत नाही, ही तक्रार महाराष्ट्रात जितकी ऐकू येते तितकीच कावेरीकाठच्या आमच्या गावांतही ऐकू येते. परंतु सहावी ते आठवीच्या वर्गांत आपण लेखन शिकवितो की केवळ लेखनाची परीक्षा घेतो, हा प्रश्न त्या तक्रारीच्या आधी विचारला पाहिजे असे मला वाटते, आणि तेवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

तंजावर जिल्ह्यातील शाळांत निबंध बहुधा तमिळमध्ये लिहितात. फळ्यावर ‘मुन्नुरै’ व ‘मुडिवुरै’, म्हणजे प्रस्तावना व समारोप, हे मथळे पडतात, मधल्या जागेत मार्गदर्शक पुस्तकातील मजकूर उतरतो, आणि वर्गातील सर्व वह्यांत एकच कावेरी वाहू लागते. सातवीतील एका मुलाच्या वहीत असा निबंध मी पाहिला. नदीचा उगम, तिचे पावित्र्य, तिचे उपकार, सारे यथास्थित. तांबड्या शाईने चार अक्षरे सुधारून खाली सही. त्याच मुलाला, जूनमध्ये कावेरीवरील मेट्टूर धरण उघडल्यावर पाणी तुमच्या शेतापर्यंत कसे येते, एवढे विचारताच तो सांगू लागला की पहिले पाणी गढूळ असते, त्याच्या तोंडाशी फेस आणि काटक्या असतात, आणि ते आल्याची वर्दी मोठ्यांच्या आधी मुलेच घरोघर पोचवितात. यातील एक अक्षरही वहीत नव्हते, कारण लिहिण्यापूर्वी त्याला कोणी काही विचारलेच नव्हते.

लेखनाची पहिली पायरी ही विचारपूस होय. सामग्रीचा संचय, तिची जुळणी, कच्चा मसुदा, त्याचे पुनर्लेखन आणि सर्वांत शेवटी शुद्धलेखन, असा हा क्रम आहे. अमेरिकन अध्यापक डोनाल्ड मरे यांनी १९७२ साली लेखन हे प्रक्रिया म्हणून शिकवावे, तयार वस्तू म्हणून नव्हे, असे आग्रहाने मांडले. तथापि मसुदा करावा, तो तपासावा, मग शुद्ध नकल काढावी आणि नंतरच शिक्का उमटवावा, ही शिस्त मराठी दफ्तरांच्या अंगवळणी त्यापूर्वीच पडलेली होती. ज्या तंजावरात सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांचे रुमाल आजही जतन केलेले आहेत आणि जेथे मराठा राजे सरफोजी यांच्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावळी’ हे मुलांसाठी मराठी पुस्तक निघाले, तेथील मुलांना मसुदा ठाऊक नसावा, ही खेदाची गोष्ट आहे.

मसुद्याची हीच रीत मूर्तिकामातही आहे. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै गावी स्थपती, म्हणजे मूर्तिकार, मूर्ती प्रथम राळमिश्रित मेणात घडवितो, हवे ते फेरफार मेणातच करतो, मग तिच्यावर कावेरीच्या गाळाचा लेप चढवून, तापवून मेण काढून टाकतो आणि त्या पोकळीत धातू ओततो. छिन्नी हाती येते ती त्यानंतर. आपण मात्र मुलाला मेण हाताळूच देत नाही, एकदम ओतीव काम मागतो आणि मग तांबड्या शाईची छिन्नी चालवितो. ऱ्हस्वदीर्घाचे महत्त्व मी तिळमात्र कमी लेखीत नाही. परंतु जो परिच्छेद पुढे गाळला जावयाचा आहे त्यातील वेलांट्या सुधारण्यात मुलाचे व शिक्षकाचे श्रम व्यर्थ जातात, आणि भाषा म्हणजे चुकांचा जाबता असा मुलाचा समज होऊन बसतो.

यावर आक्षेप येईल की वर्ग मोठे, अभ्यासक्रम अवजड आणि वेळ अपुरा. आक्षेप खरा आहे. म्हणूनच निबंधांची संख्या कमी करावी. सहामाहीत सहा निबंध एकेकदा लिहून घेण्यापेक्षा दोनच निबंध तीन-तीनदा लिहून घ्यावेत. पहिला मसुदा शिक्षकाने तपासण्याची गरज नाही. शेजारच्या मुलाने तो वाचावा आणि जे कळले नाही ते विचारावे. ‘पाणी आले हे तुला कसे कळले?’ हा सवंगड्याचा एक प्रश्न पुनर्लेखनास पुरेसा होतो.

आमच्या मराठी घरांविषयी आणखी एक विनंती आहे. तंजावरच्या मराठा राज्याचे संस्थापक व्यंकोजीराजे यांच्या काळापासून या प्रांतात नांदणाऱ्या कुटुंबांतील मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत तमिळ लिहितात. सामग्री गोळा करण्याच्या पायरीवर त्यांना आजीच्या भाषेत टिपणे करू द्यावीत, लिपी कोणतीही असो. अंतिम लेखन तमिळमध्येच व्हावे, त्यात तमिळची काडीमात्र हानी नाही, कारण ज्याचा विचार आधी स्पष्ट झाला त्याची भाषाही स्पष्ट होते.

हे सारे परीक्षेच्या बाहेर राहिले तर त्याचा अंमल होणार नाही, हे अनुभवी शिक्षकांस सांगावयास नको. म्हणून निबंधाच्या दहा गुणांपैकी चार गुण कच्च्या मसुद्यास व त्यातील फेरफारांस राखून ठेवावेत, आणि खाडाखोड केलेले पान वहीतून फाडण्यास मनाई करावी. आपले लिहिणे आपणच सुधारू शकतो, हा विश्वास ज्याला बाराव्या वर्षी मिळाला त्याला पुढे मार्गदर्शक पुस्तकाची गरज पडणार नाही. तमिळनाडूतील व महाराष्ट्रातील शिक्षणखात्यांनी या तजविजीचा विचार करावा, अशी आपल्या पत्राच्या द्वारे प्रार्थना आहे.



आपला,
एक निवृत्त शिक्षक
(पापनाशम तालुका, जिल्हा तंजावर)