डार्क वेबवर काय लपतं, आणि काय लपत नाही?



मागच्या महिन्यात साताऱ्याहून मामांचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. "अरे, माझं आधार कार्ड डार्क वेबवर गेलंय म्हणे. एक पोरगा फोनवर होता. त्याने माझा नंबर अगदी बरोबर वाचून दाखवला. ४,९९९ रुपये भरले की तिकडून काढून टाकतो म्हणाला. भरू का?"

मी म्हटलं, "मामा, एक रुपयाही भरू नका. आणि त्याचा फोन परत आला तर उचलू नका."

तेवढ्यात मागून त्यांच्या मुलाचा, म्हणजे आमच्या बारावीतल्या बंटीचा आवाज आला, "दादा, मी टॉर टाकून बघू का? खरंच आहे का ते तिथे?"

बाप घाबरलेला आणि पोरगा उत्सुक. डार्क वेबचं नाव निघालं की बहुतेक घरांत हेच होतं. दोघांनाही एकच उत्तर द्यायचं तर आधी ही जागा चालते कशी ते बघावं लागेल. चला, सोप्या भाषेत बघूया.

आधी एक गैरसमज

हिमनगाचं ते चित्र तुम्ही पाहिलंच असेल. वर थोडंसं इंटरनेट, खाली पाण्यात अक्राळविक्राळ डार्क वेब. ते चित्र विसरा. पाण्याखालचा बहुतांश भाग म्हणजे डीप वेब, आणि डीप वेब म्हणजे गूगलच्या शोधात न येणारी पानं. तुमचा ईमेलचा इनबॉक्स, नेटबँकिंगचं पान, ऑफिसचं लॉगिन, हे सगळं डीप वेबच. त्यात गूढ काही नाही.

डार्क वेब हा त्यातला अगदी छोटा कोपरा. तिथे जायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे टॉर. याची मूळ कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. आज ते टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था सांभाळते, आणि जगभरातले स्वयंसेवक आपापले सर्व्हर त्यासाठी चालवतात. या सर्व्हरना रिले म्हणतात.

लपलेली साइट उघडते कशी?

साधी वेबसाइट उघडताना तुमच्या फोनला तिचा आयपी पत्ता कळतो आणि तिला तुमचा. दोघं एकमेकांना घरपत्ता देऊनच बोलतात. डॉट ऑनियन साइटमध्ये दोघांनाही घरपत्ता द्यायचा नसतो. मग भेट होणार कशी?

असं समजा, एका माणसाला घर कुठे आहे ते सांगायचं नाही, पण लोकांनी भेटायला मात्र यावं. तो गावातल्या तीन टपऱ्यांवर निरोप ठेवतो, "माझ्यासाठी कुणी चिठ्ठी दिली तर घेऊन ठेवा." स्वतः तो टपरीवर जात नाही. माणसामागे माणूस, असे मधले लोक लावूनच चिठ्ठी त्याच्यापर्यंत येते, त्यामुळे टपरीवाल्यालाही त्याचं घर माहीत नसतं. कोणत्या तीन टपऱ्या, ही यादी तो एका नोंदवहीत कुलूपबंद करून ठेवतो. ती वहीसुद्धा एकाच जागी नसते, अनेक रिलेंमध्ये वाटलेली असते. ज्याच्याकडे साइटचा पूर्ण पत्ता आहे, त्यालाच त्यातलं पान वाचता येतं.

आता तुम्ही येता. तुमचा टॉर ब्राउझर आधी भेटीसाठी तिसराच एखादा चौक निवडतो, आणि टपरीवर चिठ्ठी टाकतो, "अमुक चौकात ये, ही खूण दाखव." साइट तिच्या गल्लीबोळांतून चौकात येते, तुम्ही तुमच्या. एकूण सहा रिले मधे असतात. चौकातल्या रिलेला दोघंही कोण ते माहीत नसतं, आणि त्याच्यातून जाणारं बोलणंही कुलूपबंद असतं.

पत्त्याची गंमत अजून वेगळी आहे. तो ५६ अक्षरांचा असतो, इंग्रजी अक्षरं आणि २ ते ७ हे आकडे, काहीही अर्थ न लागणारा. हा पत्ता कुणी विकत घेतलेला नसतो. तो साइटच्या सार्वजनिक किल्लीपासूनच तयार झालेला असतो. म्हणजे पत्ता हीच ओळख. अख्खा पत्ता बरोबर असेल तर समोर त्याच किल्लीचा मालक आहे, याची खात्री गणितच देतं.

पण तो मालक प्रामाणिक आहे का, हे गणित सांगत नाही. सगळी गोम इथे आहे.

मग पकडले जातात कसे?

जून २०२५ मध्ये युरोपच्या पोलिसांनी आर्केटिप मार्केट हा अमली पदार्थांचा डार्क वेब बाजार बंद पाडला. पाच वर्षांहून जास्त चाललेला, सहा लाखांवर वापरकर्ते असलेला, किमान २५ कोटी युरोंची उलाढाल केलेला. चालवणारा म्हणून एका ३० वर्षांच्या जर्मन तरुणाला बार्सिलोनात अटक झाली. त्याच्या महिनाभर आधी ऑपरेशन रॅपटॉरमध्ये दहा देशांत मिळून २७० जणांना पकडलं होतं.

अशी बातमी आली की हमखास विचारलं जातं, "मग टॉर फुटलं का?" जुनी प्रकरणं उघडून बघितली तर उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं.

सिल्क रोडचा रॉस उलब्रिख्ट २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात सापडला. त्याचा माग लागला तो साध्या गूगल सर्चने. सुरुवातीच्या काळात उघड्या इंटरनेटवर ज्या टोपणनावाने त्याने सिल्क रोडची जाहिरात केली, त्याच टोपणनावाने दुसरीकडे स्वतःच्या नावाचा जीमेल पत्ता दिला होता. त्याला जन्मठेप झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली, ती गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये अल्फाबे पडलं, कारण नव्या सदस्यांना जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलमध्ये मालकाचा खासगी हॉटमेल पत्ता राहून गेला होता.

डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर फोडायची गरजच पडली नाही. त्या वेळेच्या आसपास विद्यापीठाच्या नेटवर्कवरून टॉर कोण वापरत होतं, एवढं तपासलं आणि त्याच्यापर्यंत पोचले. हे लक्षात ठेवा. तुम्ही टॉरवर काय बघताय ते तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसत नाही, पण टॉर वापरताय हे दिसू शकतं.

टॉर अभेद्य आहे, असंही मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मन पत्रकारांनी समोर आणलं की तिथल्या तपास यंत्रणांनी काही रिलेंवर दीर्घकाळ पाळत ठेवून, डेटा कधी आला आणि कधी गेला याच्या वेळा जुळवून, माणसं शोधली. टॉर प्रोजेक्टचं म्हणणं असं की त्यात पकडला गेलेला माणूस मेसेजिंगचं जुनं सॉफ्टवेअर वापरत होता, ज्यात नंतर आलेलं संरक्षण नव्हतं.

थोडक्यात, टॉर तुमची जागा लपवतं. तुमच्या सवयी, तुमचं टोपणनाव, न घेतलेलं अपडेट हे लपवणं त्याच्या हातात नाही.

आणि फसवले जातात कोण?

पोलिसांची गोष्ट सोडा, तिथले लोक तिथल्याच लोकांना लुटतात. मार्च २०२४ मध्ये इनकॉग्निटो मार्केटवर लोकांचे क्रिप्टोतले पैसे अडकले. मग मालकाची नोटीस आली की तुमचे व्यवहार आणि मेसेज आमच्याकडे जपून ठेवलेत, उघड व्हायला नको असतील तर १०० ते २०,००० डॉलर भरा. मेसेज आपोआप कुलूपबंद होतात, या भरवशावर लोक निर्धास्त होते. दोन महिन्यांनी त्याला न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली. पण गेलेल्या पैशांची तक्रार करायची कुणाकडे?

त्याहून भारी किस्सा हान्साचा. जून २०१७ मध्ये डच पोलिसांनी हा बाजार गुपचूप ताब्यात घेतला आणि बंद न करता महिनाभर स्वतः चालवला. मधेच अल्फाबे बंद पडलं, तसे घाबरलेले ग्राहक 'सुरक्षित' म्हणून हान्सावर आले, म्हणजे थेट पोलिसांच्या दुकानात. परदेशातल्या ग्राहकांचे सुमारे १०,००० पत्ते त्यांनी युरोपोलला दिले.

पत्ता तोच होता, किल्ली तीच होती, साइट तशीच दिसत होती. बदलला होता फक्त गल्ल्यावर बसलेला माणूस.

बंटीसाठी: बघायचंच असेल तर

भारतात टॉर वापरणं हा गुन्हा नाही. त्यावरून तुम्ही काय करता, हा प्रश्न आहे. अमली पदार्थ मागवले तर एनडीपीएस कायदा लागतो. बालकांचं लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर शोधणं किंवा बघणंसुद्धा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये याबाबत आणखी कडक भूमिका घेतली. "मी नुसतं कुतूहल म्हणून बघितलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

बाकी टॉरचे चांगले उपयोगही आहेत. बीबीसीने २०१९ मध्ये, बातम्यांवर बंदी असलेल्या देशांतल्या वाचकांसाठी, स्वतःची ऑनियन आवृत्ती काढली. फेसबुकची २०१४ पासून आहे. कुतूहल असेल तर अशाच ओळखीच्या दारातून आत जा. आणि हे पाळा:

१. टॉर ब्राउझर फक्त टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत साइटवरून किंवा त्यांच्याच नावाने असलेल्या प्ले स्टोअरच्या ॲपमधून घ्या. टेलिग्रामवरची फाइल नको.

२. अपडेट लगेच घ्या. ऑगस्ट २०१३ मध्ये एफबीआयने ताब्यात घेतलेल्या साइटवरून ब्राउझरमधल्या एका त्रुटीचा वापर करून लोकांचे खरे आयपी काढले गेले. त्या त्रुटीवरचा उपाय जूनमध्येच आला होता. अपडेट न घेतलेले सापडले.

३. सेटिंगमध्ये सुरक्षेची सगळ्यात वरची पातळी निवडा. त्याने जावास्क्रिप्ट बंद होते. काही साइट वेड्यावाकड्या दिसतील, दिसू द्या.

४. ऑनियन पत्ता त्या संस्थेच्या नेहमीच्या वेबसाइटवरूनच घ्या आणि शेवटपर्यंत तपासा. पहिली सहा-सात अक्षरं जुळणारा नकली पत्ता कॉम्प्युटरवर बनवता येतो. अख्खी ५६ जुळवणं शक्य नाही. पण आपण बघतो पहिलीच चार.

५. स्वतःचं नाव, नेहमीचा ईमेल, फोन नंबर, जुनं टोपणनाव कुठेही टाकू नका.

६. काहीही डाउनलोड करून उघडू नका. टॉरच्या बाहेर उघडलेलं डॉक्युमेंट थेट इंटरनेटशी बोलू शकतं, आणि तुमचा खरा आयपी तिथेच गेला.

७. कॉलेजचा किंवा ऑफिसचा लॅपटॉप आणि नेटवर्क वापरू नका. आणि काहीही विकत घेऊ नका. काहीही म्हणजे काहीही.

मामांसाठी: नंबर गेला असेल तर

ऑक्टोबर २०२३ मध्ये ८१.५ कोटी भारतीयांची माहिती विकायला ठेवल्याचा दावा एका अमेरिकन सायबर सुरक्षा कंपनीने समोर आणला होता. त्यामुळे मामांचा नंबर कुणाकडे असणं मला अशक्य वाटत नाही. झेरॉक्सच्या दुकानात, लॉजवर, सिम घेताना, आपण आधारची प्रत किती ठिकाणी दिली ते आठवून बघा.

पण तो नंबर "डार्क वेबवरून काढून टाकणं" कुणालाच जमणार नाही. साइट कुठे आहे हे माहीत नाही, मालक कोण ते माहीत नाही, आणि विकलेल्या यादीच्या प्रती किती झाल्या तेही नाही. टपरीवाल्यालाच घर माहीत नाही, तर हा फोनवाला कोणाच्या घरून माल परत आणणार? नंबर बरोबर वाचून दाखवला, यावरून एवढंच कळतं की यादी त्याच्याकडेही आहे.

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. यूआयडीएआयच्या ॲपमधून आधारचे बायोमेट्रिक लॉक केले, म्हणजे बोटांच्या ठशांवर कुणी पैसे काढायला नको. ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. फोन करणाऱ्याचा नंबर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवला. मामांचे पैसे गेले नव्हते. गेले असते तर सगळ्यात आधी १९३० वर फोन केला असता, कारण तिथे जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

बंटीने हे सगळं मोबाइलवर करून दिलं. टॉरचं नाव त्याने त्या दिवशी परत काढलं नाही. दोन दिवसांनी मात्र मेसेज आला, "दादा, बीबीसीचा तो पत्ता मी शेवटपर्यंत तपासला. ५६ च आहेत."

तुमच्याही घरात एखादे मामा असतील. त्यांना असा फोन येण्याआधी हा लेख पाठवून ठेवा.