दूध तोडायचं कसं, हे सरकार कधी सांगणार?

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन आला. आमच्या भागातल्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाणारी, नात्यातली पोरगी. मला आत्या म्हणते. "आत्या, छाती दगडासारखी झालीय. हात वर होत नाही. सासूबाई म्हणतात दोन दिवस कळ काढ, आपोआप आटेल."

बाळ अकरा महिन्यांचं. "येतेस का दुसरी ठेवू?" असा ठेकेदाराचा निरोप आला, म्हणून सोमवारी बाळाचं अंगावरचं एकदम तोडलं. वर कुणीतरी सांगितलं म्हणून छाती ओढणीने करकचून बांधलेली. मी तिला आधी ती ओढणी सोडायला लावली.

पुरुष मंडळींनी इथून पुढे सरकू नये. हा "बायकांचा विषय" म्हणून सोडून दिल्यामुळेच ही वेळ येते.

मी स्वतः हे भोगलंय. 2009 ची विधानसभा निवडणूक. मी तालुका बातमीदार, मानधनावर. रजा नावाची भानगडच नव्हती. मुलगा नऊ महिन्यांचा. प्रचार सुरू झाला आणि मी त्याला घरी ठेवून दिवसभर फिरायला लागले. घरातल्यांनी कडुनिंबाचा पाला वाटून लावायला सांगितलं, लावला. पोराने एका दिवसात तोंड फिरवलं. पण छातीला ते कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी एका सभेत ओढणी दोन पदरी घेऊन बसले होते. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप. पाचव्या-सहाव्या दिवशी गाठ, मग पू, मग चीर देऊन तो काढावा लागला. पोरगं रात्रभर रडायचं आणि मी त्याला जवळ घेऊ शकत नव्हते. डिप्लोमा करताना निवडणूक कशी कव्हर करायची ते शिकवलं होतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते एवढं सोपं होतं, की कुणी आधी सांगितलं असतं तर दुखणं टळलं असतं. दूध मागणीप्रमाणे तयार होतं. छाती रिकामी झाली की शरीर आणखी बनवतं, थोडं दूध आत राहिलं की हळूहळू कमी करतं. म्हणून एकदम तोडलं तर दूध दाटतं, आणि भीतीपोटी सगळं पिळून काढलं तर ते आटतच नाही. मधला रस्ता धरायचा. दिवसातलं एक पाजणं बंद करायचं, तीन-चार दिवस जाऊ द्यायचे, मग पुढचं. दुपारचं आधी, झोपतानाचं शेवटी. छाती ताठली तर हाताने थोडंसं, फक्त हलकं वाटेल एवढंच दूध काढायचं.

थंड पाण्यात पिळलेला रुमाल दहा-पंधरा मिनिटं ठेवला की बरं वाटतं. कोबीची धुतलेली गार पानं ठेवूनही काहींना आराम पडतो. मोगऱ्याची फुलं बांधण्याचा जुना उपायही थट्टेचा नाही. वेल्लोरच्या डॉक्टरांनी 1988 मध्ये त्यावर अभ्यास छापला होता आणि फुलांनी दूध कमी होत असल्याचं त्यात दिसलं होतं. पण फुलं किंवा पानं ठेवणं वेगळं आणि फडक्याने आवळणं वेगळं. आवळल्याने दुधाच्या गाठी होतात. आधार देणारी, पण न काचणारी ब्रा घालावी. जोरजोरात चोळू नये, सूज वाढते. दूध आटावं म्हणून पाणी तोडू नये. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. दूध आटवायची गोळी मात्र मेडिकलमधून आपल्या मनाने अजिबात घेऊ नये. ब्रोमोक्रिप्टीन नावाची गोळी यासाठी सर्रास दिली जायची. तिने काही बायकांचा रक्तदाब चढला, झटके आले, आणि 1990 च्या दशकात अमेरिकेत तिचा हा वापर बंद झाला.

छातीवर लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला, ताप आला, अंग मोडून आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अशा वेळी दूध एकदम थांबवायचं नसतं. पाजत किंवा काढत राहायचं, बाळाला त्याचा अपाय होत नाही. मन उदास होतं, विनाकारण रडू येतं, तेही होतं. त्याला "नाटकं" म्हणू नका.

आता यात बातमी काय? बातमी अशी की हे सगळं माहीत असून सांगण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. दरवर्षी 1 ते 7 ऑगस्ट स्तनपान सप्ताह होतो. बॅनर, शपथ, फोटो, आम्ही बातम्याही छापतो. पाजायला सुरुवात कशी करायची ते पोस्टरवर असतं. थांबवायचं कसं, ते मी तरी आजवर एकाही पोस्टरवर पाहिलेलं नाही. आरोग्य यंत्रणा म्हणते दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजा. कायदा 26 आठवड्यांची रजा देतो, बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या देतो, 50 कामगार असतील तिथे पाळणाघर सांगतो. कागदावर छान आहे. माझ्या भाचीच्या ठेकेदाराला यातलं एकही कलम माहीत नाही, आणि माहीत असलं तरी तिच्या हातात नेमणुकीचा कागदच नाही.

ऊसतोडीच्या बायकांचं तर विचारूच नका. नवरा-बायकोची कोयत्याची जोडी, उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जाणार. बाळ आजीकडे ठेवायचं ठरलं तर ट्रक निघतो त्या दिवशी दूध तुटतं. तीन-चार दिवस एक पाजणं कमी करायला तिला कुठला वेळ? फडात ताप अंगावर काढायचा.

फार खर्चाचं काही मागत नाही मी. आशाताई बाळाच्या 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यात घरी येतातच. वजन, लस, वरचं खाणं विचारतात. त्यातल्या नवव्या आणि बाराव्या महिन्याच्या भेटीत आईला एक प्रश्न वाढवा: कामावर कधी जाणार, दूध कसं कमी करणार? (आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, मानधन वेळेवर येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या प्रशिक्षणात आणि मोबदल्यातही हे धरा.) ट्रक निघायच्या पंधरा दिवस आधी गावात एक बैठक घ्या. एमआयडीसीत पाजणाऱ्या बाईला बसायला एक आडोसा आणि वीस मिनिटं द्या.

भाचीला दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात नेलं. पू झाला नव्हता, थोडक्यात वाचली. आता रात्रीचं आणि पहाटेचं पाजणं पुन्हा चालू केलंय, दुपारचं बंद. ठेकेदाराने दोन दिवसांचा पगार कापलाय. त्याच्याशी बोलायला शुक्रवारी मी जाणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर सांगा.