रोजा पोटाचा आणि रागाचा

सांगलीच्या हळद बाजारात असो की साताऱ्याच्या पोवई नाक्यावर, मगरिबच्या आधीच्या तासाभरात रोजेदाराची परीक्षा भुकेपेक्षा रागाची असते. कुणी भांडायला आलेच, तर ‘मी रोज्याने आहे’ एवढेच म्हणावे, ही पैगंबरसाहेबांची शिकवण. संयमाची ही सवय मनाला आधार देते. एकादशी धरणाऱ्या शेजाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको.

काही घरांत मात्र उदास माणसालाच ‘इमान कमी पडले’ असे ऐकवतात, त्याच्या गोळ्या थांबवून रोजे धरायला लावतात. सूरह बकराची १८४वी आयत आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत देते. मनाचा आजार त्यातून वगळायचा कशाला? गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारीला जुळतील का, हे पहिल्या रोज्याआधीच डॉक्टरांना विचारावे. मिरजेत तर दवाखान्यांना तोटा नाही.