धर्मादाय आणि अधिकार

गरिबाला मिळणाऱ्या औषधोपचाराचे वर्णन आपल्या भाषा बहुधा दानाच्या परिभाषेत करतात. मराठीत 'धर्मादाय रुग्णालय', हिंदीत 'खैराती अस्पताल', बंगालीत 'दातव्य चिकित्सालय'. अलीकडच्या सरकारी योजनांनी त्यात 'लाभार्थी' या शब्दाची भर घातली. या सर्व शब्दांत देणारा ताठ उभा आहे आणि घेणारा वाकलेला. उपचार सर्वांना परवडावेत की नाही, या वादात साहित्याच्या अभ्यासकाने बोलावे ते प्रथम या शब्दांविषयी.

प्रेमचंदांच्या 'मंत्र' या कथेत म्हातारा भगत आपल्या आजारी मुलाला घेऊन डॉक्टर चढ्ढांच्या दारी येतो. डॉक्टरांची गोल्फची वेळ झालेली असते. ते त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगतात आणि मूल त्याच रात्री दगावते. पुढे डॉक्टरांच्या मुलाला साप चावतो, तेव्हा हाच भगत त्याला वाचवतो आणि काही न घेता निघून जातो. कथेचे नैतिक तेज निर्विवाद आहे. तथापि तिने विचारलेला प्रश्न डॉक्टरांच्या अंतःकरणाचा आहे, व्यवस्थेचा नव्हे. त्या गावी रात्रंदिवस उघडा असणारा सरकारी दवाखाना असता, तर एका माणसाच्या खेळापायी एक मूल गेले नसते. दयेवर अवलंबून असलेला उपचार दया नसेल त्या दिवशी मिळत नाही, एवढाच याचा अर्थ.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने हा प्रश्न दयेच्या कक्षेबाहेर नेला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांना मुकू नये, हे तत्त्व तिने १९४६ च्या अहवालात मांडले. परंतु आपली व्यवस्था पुन्हा पुन्हा दानाकडे वळली. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्यात, अशी योजना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिचा लाभ घेण्यासाठी नातेवाइकांना आजाराच्या धावपळीतच दारिद्र्याचा पुरावाही जमवावा लागतो. २०१८ ची आयुष्मान भारत योजना प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देते; मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. मधुमेहाच्या रोजच्या गोळीचा खर्च त्यात बसत नाही, आणि कित्येक कुटुंबे खचतात ती या रोजच्या खर्चानेच.

इतका पैसा आणायचा कोठून, हा आक्षेप नेहमीचा आहे. पैसा तर आजही खर्च होतोच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार कुटुंबांनी थेट स्वतःच्या खिशातून उचलला. तेव्हा वाद आहे तो वसुलीच्या वेळेचा: माणूस धडधाकट असताना ऐपतीप्रमाणे कररूपाने घ्यायचे, की तो अंथरुणाला खिळल्यावर त्याचे शेत गहाण पाडून घ्यायचे? श्रीमंतांना फुकट उपचार कशाला, असेही विचारले जाते. करातून त्यांच्याकडून अधिक घेता येते, हे त्याचे एक उत्तर. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. जेथे केवळ गरीबच जातात, त्या संस्थेच्या दुरवस्थेची ओरड वरपर्यंत पोहोचत नाही. सर्वांचा दवाखाना असेल, तरच तो चांगला राहण्याची शक्यता असते.

उत्पन्नाची अट गाळणे अशक्य नाही. २०२४ साली सत्तर वर्षे व त्यापुढील सर्वांसाठी आयुष्मान भारत योजनेतच ती गाळली गेली. जे वृद्धांना देता येते, ते इतरांना टप्प्याटप्प्याने का देऊ नये? त्याची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातील तपासणी आणि औषधे यांपासून व्हावी.

केवळ शब्द बदलल्याने औषधाचे कपाट भरत नाही, हे खरे. परंतु 'लाभार्थी' आभार मानतो आणि 'नागरिक' जाब विचारतो. रिकाम्या कपाटाविषयी जाब विचारणारा कोणी असेल, तरच ते भरले जाईल.