पाद्र्याची शाळा, पालकांचा हिशेब

गिरगावातल्या आंब्रोळीत १८३२ साली रेव्हरंड जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्याने इंग्रजी शाळा काढली. आजचे विल्सन महाविद्यालय हा तिचाच विस्तार. तिचा इतिहास आपण दोनच सुरांत सांगतो : विल्सन ज्ञानदाते, किंवा विल्सन धर्मांतराचे जाळे टाकणारे. हे सूर परस्परविरोधी भासतात. गृहीतक मात्र एकच. कर्ता पाद्री; इथला समाज नुसता उपकृत, नाहीतर फसलेला.

हे गृहीतकच खोटे आहे. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी समाज न्यायालयात गेला. मुले शाळेतून काढून घेण्यात आली. विल्सन यांनी बायबल शिकवणे सोडले नाही. तरीही पुढे शाळा पुन्हा भरली, वाढली. इंग्रजी हवी, धर्म नको, हा पालकांचा डोळस हिशेब होता.

१८४३ मध्ये मिशनकडे गेलेला श्रीपत शेषाद्री न्यायालयाच्या निर्णयाने वडिलांकडे परतला. त्याला जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. म्हणजे वाद पाद्र्याशी सुरू झाला आणि येऊन ठेपला आपल्याच दाराशी.

वर्गात जांभेकर शिकवताना आपण मात्र ‘दर्पण’पाशीच थांबतो. पाद्र्याचा हेतू तपासणे सोयीचे असते. आपल्या पूर्वजांचे निर्णय तपासायचे, तर आपल्यालाही उत्तरे द्यावी लागतात.