खेळ न कळणाऱ्यांची बाजू

खेळावरचा अनुबोधपट पाहण्याची गोष्ट निघाली, की घरातली निम्मी मंडळी हात झटकतात. ‘आम्हाला त्यातले काय कळणार?’ आणि खेळाचे शौकीनही मोठ्या उदारपणे मान डोलावून म्हणतात, ‘खरेच, तुम्हाला नाही कळायचे!’ माझे स्पष्ट म्हणणे असे, की दोघेही चुकतात. आणि शौकीन अंमळ जास्तच चुकतात.

‘हूप ड्रीम्स’चेच उदाहरण घ्या. स्टीव्ह जेम्स यांचा हा अमेरिकन अनुबोधपट १९९४ सालचा. योजिला होता अर्ध्या तासाचा. पण चित्रण चालले सुमारे पाच वर्षे आणि चित्रपट झाला जवळजवळ तीन तासांचा. शिकागोच्या गरीब वस्तीतली दोन कृष्णवर्णीय मुले, आर्थर एजी आणि विल्यम गेट्स, बास्केटबॉलच्या जोरावर उपनगरातल्या एका खाजगी शाळेत जातात. तेथून पुढे जे घडते ते समजायला खेळाचा एकही नियम ठाऊक असावा लागत नाही.

आर्थरचा खेळ अपेक्षेइतका बहरत नाही. फी थकते, आणि शाळा सुटते. थकबाकी भरेपर्यंत त्याच्या अभ्यासाची नोंदपत्रेही अडकून पडतात. मी शिक्षक आहे. पैशासाठी पोराचे कागद अडवणे म्हणजे काय, हे मला कोणी बास्केटबॉल शिकवून समजावून द्यायला नको! तिकडे विल्यमचा गुडघा दुखावतो, आणि बाजारात बैलाचे पाय पाहावेत तसे सारे त्या गुडघ्याकडे पाहू लागतात.

आर्थरच्या घरची वीज तोडली जाते. त्याचा अठरावा वाढदिवस येतो, तेव्हा मुलगा अठरा वर्षे जगला याचाच आईला आनंद! तीच आई पुढे परिचारिकेच्या मदतनिसाचे शिक्षण घेते आणि वर्गात पहिली येते. सबंध चित्रपटातला सर्वांत मोठा विजय मला हाच वाटतो. आणि तेथे ना चेंडू, ना शिट्टी.

‘मग यात खेळ उरला कोठे?’ असे शौकीन विचारतील. उरला आहे, आणि भरपूर उरला आहे. आर्थर चेंडू फेकतो तेव्हा गुण कसे मोजतात हे न जाणणारी आजीही श्वास रोखून धरते. कारण त्या चेंडूबरोबर घरातले काय काय वर गेले आहे, हे तिला ठाऊक असते. शौकिनाचे डोळे निकालावर असतात, तिचे त्या मुलावर.

दोघांपैकी एकही जण पुढे एन.बी.ए.च्या संघात पोहोचला नाही. खेळाडूंच्या आरत्या ओवाळणाऱ्या आजच्या स्तुतिपटांना असला शेवट परवडणार नाही. त्यांना चषक लागतो, आणि तो उंचावताना वाजवायला ढोल लागतात. म्हणून वाचकहो, खेळावरचा एखादा अनुबोधपट तुमच्या काळजाला भिडला नाही, तर आपल्या अज्ञानाला बोल लावू नका. ज्याने तीन तास चेंडू दाखवला आणि माणूस दाखवलाच नाही, त्या करणाऱ्याला जाब विचारा!